ओल्या ओंडक्याचा वाडगा होईपर्यंत

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातायला शिकायचं म्हणून क्लबात नाव घातलं. पहिल्या दिवशी मशीन सुरू होईल या अपेक्षेने गेले होते; सुरू झाला तो ग्राइंडर. शिकवणाऱ्या बाईंनी हातात गाऊज, म्हणजे खोलगट पात्याची छिन्नी, दिला आणि धार लावायला बसवलं. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, ओरबाडतं. मग आपण जोर लावतो, आणि जोर लावला की हत्यार अडकून हिसका बसतो. लेथवर थोड्या थोड्या वेळाने उठून पुन्हा धार काढावीच लागते, त्यामुळे हे आधी शिकवतात ते बरोबरच आहे. कंटाळवाणं आहे, हेही खरं.

हौशी कातकाम करणाऱ्यांचे असे गट बऱ्याच देशांत आहेत. ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ ही संघटना १९८६ पासूनची. तिच्या शाखा म्हणजे असेच स्थानिक क्लब. यूट्यूबवर सगळं दिसत असताना क्लब कशाला, असं मला बरेच जण विचारतात. व्हिडिओत हाताचा दाब दिसत नाही, एवढंच माझं उत्तर. बाई माझ्या मागे उभ्या राहून नुसता आवाज ऐकायच्या. सळसळ बदलून खडखड झाली की म्हणायच्या, “बेव्हल सुटली बघ.”

ही बेव्हल म्हणजे धारेमागचा उतार. हत्यार आधी टूल रेस्टवर, म्हणजे लाकडासमोरच्या आधारपट्टीवर, टेकवायचं, मग उतार फिरत्या लाकडाला लावायचा आणि त्यानंतर मागचा दांडा हळूहळू उचलत धार लाकडात उतरवायची. लाकडाला आधी धारच भिडली तर हत्यार हातातून उडू शकतं. दांडा कमरेला टेकवून हात न हलवता सगळं अंग झुलवायचं, हे मला जमायला सर्वात जास्त वेळ लागला.

वाडग्यासाठी क्लबातूनच ओला ओंडका मिळाला. मधला गाभा काढून टाकला, कारण तडा तिथूनच जायला लागतो. गोल कापलेला तुकडा साधारण दहा इंचांचा होता. वेग ठरवायचा क्लबातला हिशोब सोपा आहे: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा आकडा ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचा. म्हणजे माझ्या तुकड्याला ६०० ते ९००. पण तो अजून ओबडधोबड, एका बाजूला जड. त्यामुळे सुरुवात त्याहून कमी वेगाने. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, आणि लेथ चालू करताना उभं राहायचं तुकड्याच्या फिरण्याच्या रेषेबाहेर. यात कोणालाच सूट नाही.

बाहेरून कातताना तळाकडून काठाकडे यायचं आणि आत काठाकडून मध्याकडे, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तंतूंना मागच्या तंतूंचा आधार राहतो. उलट गेलं की तंतू उपटले जातात आणि तो खरखरीत पट्टा पॉलिश पेपरने घासूनही जात नाही. ओलं लाकूड कातायला मात्र मजा येते. लांबच लांब कीस निघतो, धूळ जवळजवळ नाही.

भिंत एक इंच जाड ठेवून थांबायचं. व्यासाचा दहावा हिस्सा, हा नियम. लाकूड वाळताना तंतूंच्या लांबीत जवळपास आटत नाही, आडवं मात्र आटतं, म्हणून गोल वाडगा लंबगोल होतो. तो पुन्हा गोल करायला जाडी हवी. तंतूंच्या कापलेल्या टोकांतून ओल झपाट्याने जाते आणि तिथेच चिरतं, म्हणून तिथे मेण लावलं, तळाशी तारीख नि वजन लिहिलं आणि वाडगा फळीवर गेला. अधूनमधून वजन करायचं. उतरायचं थांबलं की वाळला. यात कित्येक महिने गेले.

दुसऱ्यांदा कातणं त्यामानाने पटकन झालं. आधी वाकडा झालेला तळाचा खुंट गोल करून घेतला, नाहीतर चक, म्हणजे लेथची पकड, तो नीट धरत नाही. यावेळी सुकी धूळ होती, त्यामुळे मास्क. लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या, गटात टाकलेलं आहे, तेव्हा ‘थोडंच तर घासायचंय’ म्हणून मास्क काढणाऱ्या जुन्या सभासदांचं मी ऐकत नाही.

तेल लावून वाडगा क्लबाच्या बैठकीत टेबलावर ठेवला. बघणाऱ्या प्रत्येकाने तो आधी उचलून उलटा केला. तळ जाड राहिलाय, पाया अरुंद हवा होता, असं एकमताने ठरलं. मला पाया आहे तसाच आवडतो. तळाचं पटलं, फळीवर वाळत असलेल्या दुसऱ्या वाडग्यावर तसं खडूने लिहून ठेवलंय.