भोपाळचं मत, दिल्लीचं मत

"भाऊजी, तुम्ही ग्वाल्हेरवाले मत नेमकं कुणाला देता हो? भोपाळला, दिल्लीला की राजवाड्याला?"

कोथरूडच्या वहिनींनी हे पहिल्यांदा विचारलं ते २०१९च्या जूनमध्ये, एका मुंजीच्या पंगतीत. पंगत हसली, मीही हसलो आणि मठ्ठा मागून घेतला. त्यानंतर पुण्याला गेलो की कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

वहिनी चुकीचं विचारत नव्हत्या. २८ नोव्हेंबर २०१८ला आमच्याकडे, मध्य प्रदेशात, विधानसभेचं मतदान झालं. २३० जागांपैकी काँग्रेसला ११४, भाजपला १०९. ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा काँग्रेसने नेल्या. त्यातली दक्षिण ग्वाल्हेरची, म्हणजे लश्कर नावाच्या जुन्या भागातली, जिथे आपली जुनी मराठी बिऱ्हाडं आहेत ती, अवघ्या १२१ मतांनी. आमच्या जनकगंजातले दोन वाडे त्या दिवशी दुपारी झोपून राहिले असते तरी निकाल फिरला असता! मग १२ मे २०१९ला लोकसभेचं मतदान झालं. त्याच ग्वाल्हेरने भाजपचे विवेक शेजवलकर जवळपास दीड लाखाच्या फरकाने दिल्लीला पाठवले. राज्यातल्या २९पैकी २८ जागा भाजपला. खुद्द ज्योतिरादित्य शिंदे, म्हणजे आमच्या राजवाड्याचे वारस आणि तेव्हा काँग्रेसचे नेते, गुना मतदारसंघातून पडले. मध्ये गेले होते साडेपाच महिने.

लोक फिरले का? मला नाही वाटत. मी सरकारी शाळेत तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवलं, निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, आणि या विषयावरचं सगळ्यात नेमकं वाक्य मला आमच्या दूधवाल्याने ऐकवलं. कॅन खाली ठेवत म्हणाला, "मास्साब, पर्चा दूसरा था." नोव्हेंबरच्या पेपरात दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी होती, पंधरा वर्षांच्या एकाच सरकारचा कंटाळा होता. मेच्या पेपरात पुलवामा, बालाकोट आणि पंतप्रधान कोण हा एकच प्रश्न. त्याने दोन्ही पेपर वेगवेगळे सोडवले. मीही तेच केलं. कुणाला काय दिलं ते सांगणार नाही.

एक भूगोल मात्र पुण्याच्या लोकांना सांगावा लागतो. रेल्वेने दिल्ली आम्हाला सव्वातीनशे किलोमीटरच्या आत, आणि भोपाळ पावणेचारशेच्या पुढे. आमची राजधानी आम्हाला देशाच्या राजधानीपेक्षा लांब आहे. १९५६पर्यंत 'मध्य भारत' या तेव्हाच्या राज्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेरच होती. ती गेली आणि बदल्यात हायकोर्टाचं खंडपीठ, राजस्व मंडळ, महालेखाकाराचं ऑफिस अशी कचेऱ्यांची ओटी भरून आमची बोळवण झाली. आई त्याच वर्षी लग्न होऊन इथे आली. "मी आले आणि राजधानी गेली," असं ती अजून म्हणते, जणू हिच्या पायगुणानेच.

तर मतदार दोन्ही खाती वेगळी ठेवतो. मग ती एकत्र कोण करतं? त्यासाठी १० मार्च २०२० आठवावा लागेल.

धुळवडीचा दिवस. ज्योतिरादित्यांचे वडील माधवराव यांची पंचाहत्तरावी जयंतीही त्याच दिवशी. हाताला रंग, ताटलीत गुजिया, आणि टीव्हीवर ज्योतिरादित्यांनी काँग्रेस सोडल्याची बातमी. त्यांच्या गटाचे आमदार आधीच बंगळुरूला. दुसऱ्या दिवशी ते भाजपमध्ये गेले, २० तारखेला काँग्रेसचे मुख्यमंत्री कमलनाथांनी राजीनामा दिला, २३ला भाजपच्या शिवराजसिंहांचा शपथविधी आणि २५पासून देशभर टाळेबंदी. भोपाळचं सरकार गेलं हे पचायच्या आत आम्ही सगळे दारं लावून घरात.

कारणं पुष्कळ सांगितली गेली. मान, पद, आश्वासनं. मला रस आहे तो त्यातल्या गणितात, आणि ते पुण्यात कुणी नीट ऐकून घेत नाही, म्हणून इथे मांडतो. तेव्हा मध्य प्रदेशातून राज्यसभेच्या तीन जागा भरायच्या होत्या. राज्यसभेला मत देतात आमदार. एकूण मतांना जागांपेक्षा एक जास्त अशा आकड्याने भागायचं, उत्तरात एक मिळवायचा आणि अपूर्णांक सोडायचा; तो एका जागेचा कोटा. आमदार २२८ होते, कारण दोघांचं निधन झालेलं. २२८ भागिले ४ म्हणजे ५७, अधिक १ म्हणजे ५८. काँग्रेसला एक जागा डोळे मिटून मिळणार होती. दुसरीला ११६ लागत होते, म्हणजे अपक्ष आणि छोट्या पक्षांच्या हातापाया पडून. काँग्रेसच्या यादीत पहिलं नाव कुणाचं, ज्योतिरादित्यांचं की दिग्विजयसिंहांचं, यात सगळं आलं. आता २२ आमदारांचे राजीनामे वजा करा. उरले २०६. कोटा आला ५२वर. भाजपकडे १०७, म्हणजे दोन जागा आरामात. १९ जूनला तसंच झालं: दोन भाजपच्या, त्यातले एक ज्योतिरादित्य, आणि तिसरे काँग्रेसचे दिग्विजयसिंह.

भागाकार बघा. भाज्य कमी केलं की भागाकार आपोआप कमी होतो. आम्ही नोव्हेंबरमध्ये रांगा लावून निवडलेले विधायक (तुमच्याकडे आमदार म्हणतात) त्या उदाहरणात निव्वळ वजाबाकीचा आकडा होते. पक्षांतरबंदी कायदा १९८५पासून आहे, पण पक्ष बदलला तर सदस्यत्व जातं, आणि राजीनामा दिला तर? तेही जातंच, मात्र अपात्रतेचा शिक्का बसत नाही, आणि पुन्हा निवडून येण्याआधीच मंत्रीही होता येतं. ही पळवाट काही आमच्या लोकांनी शोधलेली नाही, त्याआधी कर्नाटकात वापरून झाली होती.

आईला यात नवं काही दिसलं नाही. तिने १९६७ पाहिलेलं. तेव्हा राजमाता विजयाराजेंनी लोकसभेची जागा सोडून विधानसभा धरली, द्वारकाप्रसाद मिश्रांच्या सरकारमधून ३६ आमदार बाहेर आले आणि काँग्रेसचं सरकार गडगडलं. "तेव्हा आजी, आता नातू," एवढंच म्हणून तिने जपमाळ ओढली.

राजवाड्याचं उत्तर तुम्हाला इथे मिळालं असं वाटेल. थांबा जरा.

३ नोव्हेंबर २०२०. राजीनाम्यांनी आणि निधनांनी रिकाम्या झालेल्या २८ जागांची पोटनिवडणूक. आम्ही आता थाटीपूरला राहतो, म्हणजे मतदारसंघ ग्वाल्हेर पूर्व. दारातच कपाळावर तापमापक, मग सॅनिटायझर, मग उजव्या हातात घालायला प्लास्टिकचा मोजा, तोही माझ्या पंजापेक्षा दोन मापं मोठा. फुगलेल्या त्या हाताने मी मशीनसमोर उभा राहिलो आणि क्षणभर गोंधळलो. २०१८मध्ये इथे काँग्रेसचे मुन्नालाल गोयल जिंकले होते आणि भाजपचे सतीश सिकरवार हरले होते. आता पुन्हा तेच दोघे. फक्त गोयलांच्या नावापुढे कमळ आणि सिकरवारांच्या नावापुढे हात! नावं जुनी, चिन्हं अदलाबदल. रांगेत मागून कुणीतरी "जल्दी करो भैया" म्हणालं, पण माणूस बघायचा की चिन्ह, या प्रश्नाला दोन मिनिटं तरी लागणारच की.

निकाल लागला. राज्यात २८पैकी १९ जागा भाजपला, सरकार पक्कं. पण ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या तीनपैकी दोन, आमची पूर्व आणि डबरा, काँग्रेसकडे गेल्या. महाराज गेले त्या दिशेला अख्खं शहर गेलं नाही. पुढे जुलै २०२२मध्ये तर महापौरपदही काँग्रेसच्या शोभा सिकरवारांनी घेतलं, ५७ वर्षांनी. मग २०२३ला राज्यात भाजपला १६३ जागा, २०२४ला लोकसभेच्या २९पैकी २९. आता सांगा वहिनी, आम्ही राजवाड्याला मत देतो म्हणजे नेमकं कधी?

मार्च ते नोव्हेंबर आमच्या भागाला विधायकच नव्हता. गल्लीतला रस्ता तेव्हा गटारासाठी खोदून ठेवलेला. पैसा केंद्राच्या योजनेचा, मंजुरी राज्याची, ठेकेदार पालिकेचा. मी एका कचेरीत गेलो तर दुसरीचं नाव सांगितलं, दुसरीत तिसरीचं. तिसऱ्या ठिकाणचा बाबू म्हणाला, "विधायकजी से लिखवा लाइए." कुठल्या, असं विचारलं तर तोच हसला. पावसाळ्यात त्या चरात शेजारच्यांची स्कूटर गेली, सुदैवाने माणूस वाचला. दोन सरकारांची टक्कर होते असं टीव्हीवर म्हणतात तेव्हा मला ती चर आठवते.

आणि हे एकाच दिशेने चालतं असंही नाही. २०२३ला भाजपने सात खासदार विधानसभेला उतरवले, त्यात तीन केंद्रीय मंत्री. नरेंद्रसिंह तोमर देशाचे कृषिमंत्री असताना दिमनीतून लढले, जिंकल्यावर ते खातं सोडलं आणि भोपाळला विधानसभेचे अध्यक्ष झाले. शिवराजसिंह २०२४ला भोपाळहून दिल्लीला गेले आणि तेच कृषिखातं सांभाळू लागले. फलकावर वाक्य होतं 'एमपी के मन में मोदी', आणि बायकांच्या खात्यात पैसे येत होते ते राज्याच्या लाडली बहना योजनेचे, महिना १,२५०. मत कुठल्या खात्यावर पडलं? आमच्या कामवाल्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, दोन्ही. तुमच्याकडची १,५००वाली लाडकी बहीण ही तिचीच धाकटी, हे वहिनींना मान्य नाही. असो.

नोव्हेंबर २०२४ला मी स्वतःहून पुण्याला फोन लावला. एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्राने ४८पैकी ३० खासदार महाविकास आघाडीचे दिले आणि सहा महिन्यांत २८८पैकी २३० आमदार महायुतीचे. "वहिनी, तुम्ही पुणेकर मत नेमकं कुणाला देता हो?" पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "भाऊजी, कुकरची शिट्टी होतेय."

आई आता पायऱ्या उतरत नाही. २०२३ला आणि पुन्हा २०२४ला मतदानाचं पथक घरी आलं. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, लिफाफे, फॉर्म, सह्या. दोन्ही वेळा तिने चष्मा पुसला आणि पथकातल्या मुलीला आधी एकच विचारलं. पहिल्यांदा, "ये भोपाल वाला है ना?" दुसऱ्यांदा, "ये दिल्ली वाला?" मुलगी हो म्हणाली. मग आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू बाहेर जा. चहा टाक सगळ्यांना."