एक चूक, पाच जागा

शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी खानापूरहून बेळगावला काकांकडे जायचे. खडेबाजारातल्या त्यांच्या कापडदुकानात वही लिहायचं काम माझ्याकडे असायचं. पान भरलं की काका आडव्या ओळींची वेगळी आणि उभ्या रकान्यांची वेगळी बेरीज घेत. एकदा जुळेना, तेव्हा मी पहिल्यापासून सगळं तपासायला बसले. काका म्हणाले, "आडवी तिसऱ्या ओळीत चुकतीय, उभी पाचव्या खान्यात. मग सगळं पान कशाला धुंडाळतीस?" बोट ठेवलं तिथंच चूक होती, आणि बेरजेत जेवढा फरक होता तेवढ्याच रुपयांची होती.

एम.टेक.च्या वर्गात चूकदुरुस्ती कोड शिकवायला घेतले तेव्हा मला ते पानच आठवलं. मजकुराला थोड्या जास्तीच्या बेरजा जोडून पाठवायच्या. वाटेत काही बिघडलं तर पलीकडच्याने त्या बेरजांवरून चूक कुठे आणि कितीची ते काढायचं, पुन्हा पाठव म्हणायचं नाही. प्रकाशावर चालणाऱ्या फायबर तारेतून सेकंदाला दहा अब्ज बिट धावत असताना परत मागवायला सवडच नसते.

प्रकल्पासाठी मी रीड आणि सॉलोमन यांचा १९६० सालचा कोड घेतला, आरएस (२५५, २३९). २३९ बाइट मजकूर, १६ बाइट जोड, आणि २५५ पैकी कुठलेही ८ बाइट बिघडले तरी दुरुस्त. फायबरच्या जी.७०९ या मानकात हाच कोड आहे. त्याचा डीकोडर, म्हणजे चुका शोधून दुरुस्त करणारं सर्किट, मला एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट घडवता येणाऱ्या चिपवर, उतरवायचा होता.

टप्पे चार. आधी आलेल्या २५५ बाइटांवरून १६ सिंड्रोम, म्हणजे तपासणीच्या बेरजा, काढायचे. हे सगळे शून्य आले तर मजकूर शुद्ध. नाहीतर त्यांच्यावरून चुकांच्या जागांचं बहुपद काढायचं, मग प्रत्येक जागा घालून ते शून्य होतं का पाहायचं, याला चिएन शोध म्हणतात, आणि शेवटी प्रत्येक चुकीची किंमत काढायची. दुसरा टप्पा सगळ्यात अवघड. नेहमीच्या पद्धतीत तिथे प्रत्येक फेरीला भागाकार येतो आणि त्याच्यासाठी अख्खं सर्किट थांबून राहतं. भागाकार टाळणारी आणि सर्किटची वाट आखूड करणारी रचना दिलीप सरवटे आणि नरेश शानभाग यांनी २००१ मध्ये मांडली होती. परदेशी नावांच्या ढिगात ही दोन नावं दिसली आणि किती बरं वाटलं! तो लेख मी पेन्सिल घेऊन आठ दिवस वाचला.

बाइटांचा गुणाकार साध्या पाढ्यांनी होत नाही, तो २५६ घटकांच्या क्षेत्रात, म्हणजे उत्तर पुन्हा त्याच २५६ किमतींत येईल अशा वेगळ्या अंकगणितात, करावा लागतो. ते सर्किट माझ्याकडे तयार होतं, आदल्या सत्रात एईएस कूटलेखनासाठी लिहिलेलं. तेच उचललं. ४० बाइटांचे छोटे संदेश पाठवून पाहिले, चुका घातल्या, सगळ्या दुरुस्त झाल्या. घरी फोन करून काम झालं म्हणून सांगितलंसुद्धा.

पूर्ण २५५ बाइट घेतले आणि सगळं बिनसलं. सतराव्या जागी एकच चूक घातली, तर डीकोडरने पाच जागा दाखवल्या, पाचही ठिकाणी दुरुस्ती केली आणि चार चांगले बाइट नासवले. चिएन शोधाचं सर्किट मी तीनदा नव्याने लिहिलं. जुलै होता, खानापुरात पावसाने वीज टिकत नव्हती, म्हणून सकाळच्या एसटीने बेळगावला येऊन रात्रीपर्यंत प्रयोगशाळेत बसायचे. शेवटी प्रकल्पाच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी माझा प्रोग्राम उघडलाच नाही. त्या जागांमधलं अंतर काढ, एवढंच म्हणाल्या.

१७, ६८, ११९, १७०, २२१. दर वेळी ५१.

तेव्हा उलगडलं. एईएसचं क्षेत्र ८, ४, ३, १, ० या घातांकांच्या बहुपदावर उभं आहे. डीकोडरसाठी प्रत्येक जागेचं नाव म्हणजे २ चा एकेक घात, आणि या क्षेत्रात २ चे घात घेत गेलं की ५१ पायऱ्यांनंतर पुन्हा १ येतो. म्हणजे २५५ जागांना वेगळी नावं ५१च, एकेक नाव पाच जागांचं. संदेश ४० बाइटांचा होता तोवर नाव परत येतच नव्हतं, म्हणून चाचण्या पास. रीड-सॉलोमनला ८, ४, ३, २, ० हे बहुपद लागतं, त्यात २ चे घात २५५ वेगवेगळ्या किमती देऊन मगच फिरून येतात. एका ओळीत १ चा २ केला. त्या दिवसापासून छोट्या चाचणीवर मी भरवसा ठेवत नाही, कोड पूर्ण लांबीला चालवल्याशिवाय चालला म्हणत नाही.

वेगाचा प्रश्न मानकानेच सोडवला होता. जी.७०९ मध्ये १६ कोडशब्दांचे, म्हणजे २५५ बाइटांच्या १६ गठ्ठ्यांचे, बाइट आळीपाळीने पाठवतात. सलग १२८ बाइट बिघडले तरी प्रत्येक कोडशब्दाच्या वाट्याला आठच चुका येतात. शिवाय १६ डीकोडर शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे १०.७ गिगाबिटच्या प्रवाहातून प्रत्येकाला सेकंदाला साधारण ८.४ कोटी बाइटच घ्यावे लागतात. तेवढं माझं सर्किट आरामात घेत होतं.

सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी काका प्रयोगशाळेत आले. आठ चुका घातल्या, आठही गेल्या. मग काकांनीच विचारलं, "नऊ घातल्यास तर?" घातल्या. बहुपदाने सांगितलेल्या चुका आणि सापडलेल्या जागा जुळल्या नाहीत, डीकोडरने एकाही बाइटला हात लावला नाही आणि बोर्डावरचा लाल दिवा लागला. काका म्हणाले, "ह्ये चांगलं. जमलं न्हाई तर पान तसंच ठिवायचं, उगा खोडाखोड करायची न्हाई."