‘फायनल फायनल 2’

गेल्या आठवड्यात नाशिकला शालिमारच्या आमच्या दुकानात एक तात्या आले. पिवळ्या पडलेल्या पाकिटात सीडी. 2003 च्या सिंहस्थात त्यांच्या संस्थेने स्मरणिका काढली होती. उरलेल्या प्रतींचा 2016 ला गंगेच्या (म्हणजे आमच्या गोदावरीच्या) पुरात लगदा झाला, आणि आता 2027 च्या कुंभाआधी त्यातले लेख पुन्हा छापायचेत. ‘लोक काही जपतच नाहीत’ हे माझं नेहमीचं पालुपद सुरू होणार, तोच सीडीवर नजर गेली. अक्षर माझंच. स्मरणिकेची पानं मीच लावली होती.

सीडी चालली, हेच नवल. पण पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल त्याच कामाच्या आजच्या इनडिझाइनला उघडत नाही. माळ्यावरचा विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर उतरवला (बायको त्याला भंगार म्हणते). फाइल उघडली, तर 96 पानं भरून इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. तेव्हाचे आमचे मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे आजच्यासारखे कुठल्याही मशीनवर वाचता येणारे, नव्हते. दिसायला ‘क’, आत भलतंच रोमन अक्षर. फॉन्ट नाही तर मराठी नाही. एका जुन्या हार्ड डिस्कवर तो सापडला, मग मजकूर युनिकोडमध्ये बदलताना कन्व्हर्टरने रफार इकडचे तिकडे केले. ‘पर्वणी’ची सगळीकडे ‘पवर्णी’. दोन रात्री तेच निस्तरत होतो.

फोटो मात्र गेले. मोठा फोटो लावला की पेजमेकर विचारायचा, पूर्ण प्रत फाइलमध्ये ठेवायची का? फाइल जड होते म्हणून आम्ही सगळेच डोळे झाकून ‘नो’ दाबायचो. म्हणजे फाइलमध्ये राहायचा फक्त पत्ता आणि एक पुसट नमुना. पत्ता होता डी ड्राइव्हचा, आणि ते मशीन मी 2009 ला किलोवर विकलं. रामकुंडाची शाही मिरवणूक पडद्यावर दिसते, प्रिंटला नुसते चौकोन.

त्याच दिवशी छपाईची एक पीडीएफ काढून सीडीवर टाकायला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं. आता टाकतो, फॉन्ट आणि मूळ फोटोही, कामाच्या नावाने आणि वर्षाने. आमच्या पोरांना ते म्हाताऱ्याचं खूळ वाटतं. ती गिऱ्हाइकाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात आणि तेच बारीक झालेले छापतात.

बिल अजून केलेलं नाही. चूक माझी, मेहनतही माझी, आकडा काय लावू? तात्या काही बोलले नाहीत. खिशातून मोबाइल काढला आणि पडद्यावरच्या मिरवणुकीचाच फोटो काढून घेतला.