सावली मैदानात पडायला हवी

मार्च लागला की कोल्हापुरातल्या बऱ्याच शाळा सकाळच्या होतात. आमचीही होते. मधली सुट्टी साडेनऊच्या सुमारास येते. मी पी.टी. शिकवते, त्यामुळे माझा दिवस मैदानावरच जातो, आणि एक गोष्ट मला दर उन्हाळ्यात खटकते. शाळेची वेळ बदलते, मैदान मात्र दुपारच्या शाळेचंच राहतं.

आमच्याकडची मोठी झाडं, कडुनिंब आणि करंजांची रांग, पश्चिमेच्या कंपाउंडला लागून आहेत. दुपारच्या शाळेत त्यांची सावली आत येते. एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊला सूर्य पूर्वेला असतो आणि झाडाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी, सरळ पश्चिमेकडे पडते. म्हणजे भिंतीपलीकडे, रस्त्यावर. तिथं रिक्षा लागतात आणि पोरं आत उघड्या उन्हात.

यंदा मी पाचवीच्या मुलांच्या हाती फक्की दिली. सावलीच्या कडेनं रेघ मारा म्हटलं, सुट्टी सुरू होताना एक आणि संपताना एक. पोरांनी ते काम मॅचचं मैदान आखल्यासारखं मन लावून केलं. एवढ्या वेळात रेघ कितीतरी सरकली होती. खरी रुंद सावली सापडली ती इमारतीच्या पश्चिम अंगाला, आणि तिथं आम्हा शिक्षकांच्या गाड्या उभ्या! गाड्या हलवल्या आणि त्या पट्ट्यात लंगडीचा चौकोन आखला. पायऱ्यांवर नुसत्या बसून राहणाऱ्या सातवीच्या मुली दुसऱ्याच दिवशी तिथं उतरल्या. आमचे शिपाईमामा आधी म्हणायचे, "मॅडम, आताची पोरं खेळतच न्हाईत, सावलीत बसून ऱ्हात्यात." पोरं खेळायला तयार असतात हो. आपण सावली एकीकडे ठेवतो आणि खेळ दुसरीकडे.

लहान मुलांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्यांची कातडी जास्त, घाम कमी, आणि उंची कमी असल्यानं तापलेल्या जमिनीची धग त्यांना जवळून लागते. त्यात खेळाच्या नादात तहान लागली हे सांगायचंही त्यांना सुचत नाही. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, ती मला फार पटते. पण नळ इमारतीच्या मागे असेल तर घंटा होऊनही निम्मी पोरं जात नाहीत. माठ खेळाच्या जागेवरून दिसला पाहिजे.

आता जमिनीचं. पेव्हर ब्लॉक दिसायला नीटनेटके, चिखल नाही, म्हणून सगळीकडे बसवले जातात. ते ऊन धरून ठेवतात आणि पाणी मुरू देत नाहीत. कित्येक ठिकाणी ते झाडाच्या बुंध्यापर्यंत भिडवलेले असतात, मग झाड वाढायचं कसं? त्यावर अनवाणी लंगडी घालून बघा, पाय भाजतो. मुरूम-मातीच्या मैदानावर सकाळी पाणी मारलं तर सुट्टीपर्यंत गारवा टिकतो, कारण मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते आणि ओल उडताना जमीन थंड होते. तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यात उतरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वर छप्पर, खाली ओलसर तांबडी माती.

सध्या आमच्याकडे कृत्रिम गवताचं टर्फ घालायची चर्चा आहे. कोल्हापूर म्हणजे फुटबॉल, पेठेपेठेत संघ, त्यामुळे पालकांचा उत्साह मी समजू शकते. पण भर उन्हात कृत्रिम गवत ६० अंशांच्या वर तापू शकतं. संध्याकाळी मोठ्यांनी खेळायला ते ठीक, शाळेच्या वेळेत ते मुलांना हुसकावून लावेल. माझा त्याला साफ विरोध आहे.

त्याऐवजी मी लेखी दिलंय की झाडं मैदानाच्या पूर्व कडेला लावा. गुलमोहर नको. ऐन मार्चमध्ये तो बोडका असतो आणि वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. कडुनिंब आणि करंज चैत्रात नव्या पालवीनं भरतात, तेच हवेत. एक चिंचही लावावी. वाढायला वेळ घेते, पण पिढ्यान् पिढ्या सावली देते. खड्डे मेमध्ये खणून ठेवायचे, वळवाचं पाणी मुरू द्यायचं आणि जूनमध्ये रोपं लावायची. ती मोठी होईपर्यंत लंगडीच्या आणि खो-खोच्या जागेवर शेडनेट. पत्रा नको, तो स्वतः तापून खाली धग सोडतो. नेट मात्र हुकांवर बांधलेली हवी, आभाळ भरून आलं की मामांना पटकन उतरवता येईल अशी.