मिरजेचा उरूस, खाँसाहेबांची सभा आणि तंबोऱ्यांची गल्ली

किराणा या ख्याल गायकीच्या घराण्याचं गाणं कॅसेटवर, सीडीवर आणि आता मोबाइलवर ऐकत वाढलेले आपण बरेच जण डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जातो, मिरजेला जायचं मात्र राहून जातं. यंदा मी गेले, आणि परत आल्यापासून घरातली जुनी ध्वनिमुद्रणं पहिल्यापासून पुन्हा ऐकतेय. ज्यांच्या मनात जायचं आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

आधी तारखेचं. मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. त्याच्या उरुसात किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. उरूस चांद्र महिन्यावर चालतो, त्यामुळे दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. अलीकडच्या वर्षांत तो जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास पडलाय, पण मागच्या वर्षीची तारीख धरून रेल्वेचं आरक्षण करू नका. चंद्रदर्शनावर एखादा दिवस इकडेतिकडे होतो, म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक दिवस मोकळा ठेवा. मिरज-सांगलीत कुणी ओळखीचं असेल तर कार्यक्रमपत्रिका त्यांच्याकडून मागवून घ्या. सभेला तिकीट नाही. कुणीही यावं, सतरंजीवर बसावं.

पोहोचणं सोपं आहे. मिरज हे मोठं जंक्शन. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी मिरजेत सोडते, पुण्याहून गाड्या आहेत, कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. राहण्याची सोय मात्र आधी करा, उरुसात लॉज लवकर भरतात. नाहीच मिळालं तर दहा किलोमीटरवर सांगली आहे. मी सांगलीला मामाकडे उतरले होते.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या किराणा गावचे, पण आयुष्याची उत्तरार्धातली बैठक त्यांनी मिरजेत मांडली. प्लेगच्या दुखण्यातून ते मीरासाहेबांच्या कृपेनं उठले आणि दर्ग्यात गाऊन त्यांनी हजेरी लावली, अशी आख्यायिका इथे आजही सांगतात. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले, फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा लावायला सांगितला, दरबारी रागात कलमा गायले आणि तिथेच गेले. देह मिरजेला आणला. दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. आवारातल्या ज्या चिंचेखाली ते गायला बसत, तिथे येऊन सेवा रुजू करण्याची कलावंतांची रीत आहे. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी या साऱ्यांनी इथे गाणं वाहिलंय. ‘वाहिलंय’ हा इथल्याच लोकांच्या तोंडचा शब्द, आणि तो मला फार पटला.

जाण्याआधी काय ऐकावं? मामाच्या संग्रहातून आम्ही दुपारभर ऐकत होतो. खाँसाहेबांची १९०५ च्या सुमाराची मुद्रणं आहेत आणि नंतरची, १९३० च्या दशकातली ओडियन कंपनीची. वेळ कमी असेल तर दुसरी घ्या. झिंझोटी रागातली ठुमरी, भैरवी, बसंत आणि ‘मानापमान’मधलं देवगंधारातलं पद. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची आणि तेवढ्यात त्यांनी रागाची घाई केलेली नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं. झिंझोटीची ती तबकडी ऐकूनच लहानगे भीमसेन १९३३ साली गदगचं घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. ती तीन मिनिटं ऐकताना हे लक्षात ठेवावं.

मग खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या तबकड्या मोजक्या आहेत, पण भैरवी चुकवू नका. सवाई महोत्सवाची सांगता त्याच तबकडीनं होते. रोशनआरा बेगमांचा शुद्ध कल्याण मिळाला तर जरूर ऐका. खाँसाहेबांची तालीम एका बाईच्या दमदार आवाजात कशी फुलली ते तिथे कळतं. हिराबाई तर मिरजेतच जन्मलेल्या, खाँसाहेबांची मुलगी. त्यांचे भाऊ सुरेशबाबू माने आणि त्या स्वतः, या दोघांकडे शिकलेल्या प्रभा अत्रे यांची मारुबिहाग-कलावती या रागांची लाँग प्ले (एलपी) मी आजवर सर्वांत जास्त वेळा ऐकली असेन. एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायला लागली आणि विलंबित (संथ लयीच्या) ख्यालाला थोडा श्वास घेता आला, हे त्या तबकडीत स्पष्ट ऐकू येतं. भीमसेनजींचा पूरिया धनाश्री आणि शुद्ध कल्याण सगळ्यांनाच माहीत आहेत. ते मी गाडीत ऐकण्यासाठी ठेवले होते.

या सगळ्या मुद्रणांत एक गोष्ट हरवलेली असते, हे मला मिरजेत कळलं. ती म्हणजे तंबोरा. जुन्या तबकड्यांत तो जवळजवळ ऐकूच येत नाही. नंतरच्या एलपींतही तो मागे कुठेतरी गुणगुणतो. आपण घरी बसून गायकाचा गळा ऐकतो, तो ज्यावर उभा आहे ते ऐकत नाही.

सभेच्या रात्री मी आणि मामा लवकर जाऊन मंचाच्या डाव्या अंगाला बसलो. तुम्हीही तंबोऱ्यांच्या जवळची जागा धरा. ध्वनिक्षेपकाच्या समोर मुळीच बसू नका. बाहेर उरूस जोरात असतो, पाळणे, खेळण्यांच्या पिपाण्या, खाऊच्या गाड्या, आणि तो गलबला आत येतोच. पहिली पाच मिनिटं त्रास होतो, मग कान आपोआप निवड करायला लागतात.

एक तरुण गायिका बसली. दोन तंबोरे मिरजेचेच. ते लावायला तिनं चांगला वेळ घेतला आणि श्रोते शांतपणे थांबले. मामा कानाशी येऊन म्हणाला, “अगं, खर्जाच्या तारेकडे लक्ष दे, गंधार येतो का बघ.” तंबोरा नीट लागला की पितळी खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या तारेतून, गंधार आपला आपण उमटतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, हे वाचून ठाऊक होतं. त्या रात्री तो खरोखर ऐकू आला, कुणी छेडला नसताना, दोन्ही तंबोऱ्यांच्या मधोमध. मग तिनं शुद्ध कल्याण सुरू केला. षड्जावरून वर जाताना तिनं गंधाराला हात लावला तेव्हा तो स्वर आधीच तिथे होता. ती फक्त त्यात जाऊन बसली. किराण्याची एकेका स्वराची बढत, म्हणजे राग उलगडत नेणं, इतकी सावकाश का असतं, याचं याहून चांगलं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. खाँसाहेबांनी सांगलीच्या कृ. ब. देवलांना श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांच्या, अभ्यासात गाऊन दाखवून साथ दिली होती. तेवढ्या बारीक कानाच्या माणसाचं घराणं आहे हे.

त्यानंतर एक सतार झाली, ठीकठाक. शेवटी एका ज्येष्ठ गायकानं झिंझोटीतली तीच ठुमरी घेतली. आवाज थकलेला होता, तार षड्ज पोहोचत नव्हता, आणि तरी त्या रात्रीचं मला सर्वांत आवडलेलं गाणं तेच. तबकडीत तीन मिनिटांत संपणारी ओळ तो कितीतरी वेळ फिरवत होता, दर खेपेला वेगळ्या जागी थांबत होता. श्रोत्यांतली म्हातारी माणसं समेवर मान न हलवता नुसती डोळे मिटून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतारमेकर गल्ली. ही ठेवा सकाळीच, दहा-अकराच्या सुमारास. दुपारी जेवणाला कारखाने थंडावतात आणि उरुसात पाहुणेही असतात. इथली शिकलगार मंडळी मूळची हत्यारं घडवणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला आणि पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, भीमेच्या खोऱ्यातले. चांगले सुकवल्याशिवाय त्यांना हात लावत नाहीत. माळ्यावर ते ओळीनं ठेवलेले असतात.

एका कारखान्यात जवारी काढताना, म्हणजे तारेला गुंजन यावं म्हणून घोडी (तारा टेकतात ती पट्टी) घासताना, बघायला मिळालं. कारागीर खाली बसून घोडीवरची तार बाजूला करायचा, घोडीच्या पृष्ठभागावर कानस अगदी हलकी फिरवायचा, बोटानं चाचपायचा, तार पुन्हा जागेवर, मग घोडी आणि तार यांच्यामध्ये दोरा सरकवत छेडून ऐकायचा. पहिल्या वेळी आवाज बोथट, दुसऱ्या वेळी झणझणीत पण कोरडा. नंतर कधीतरी तार बोलायला लागली, लांबपर्यंत. मोजायचं कसलंही साधन त्याच्याजवळ नव्हतं. मी विचारलं, “चाचा, कळतं कसं कुठे थांबायचं?” तर म्हणाले, “ऐका की, आता थांबलेच नव्हं का.”

तंबोरा घ्यायचा विचार असेल तर काही गोष्टी. आपली पट्टी, म्हणजे गाण्याचा षड्ज, आधी नक्की करून जा, काळी एकचा (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) पुरुषी तंबोरा आणि काळी चारचा बायकांचा तंबोरा आकारानंच वेगळे असतात. तयार वाद्यांपैकी घेणार असाल तर पहिली तार पंचमावर आणि निषादावर, दोन्ही लावून मागा आणि दांडीला कान लावून ऐका. नक्षी आणि पॉलिशला भुलू नका. भोपळ्याला आतून कुठे सांधलेलं आहे का, ते विचारून घ्या, खरं सांगतात. बनवून घ्यायचा असेल तर महिन्यांची तयारी ठेवा. रेल्वेनं आणताना तारा सैल करा, घोडीखाली कापड ठेवा आणि वाद्य डब्यात स्वतःजवळ, वरच्या बर्थवर ठेवा. सामानाच्या डब्यात टाकायचं धाडस करू नका. नुसतं बघायलाच गेला असाल तर तसं आधीच सांगा. लोक प्रेमानं दाखवतात, पण काम थांबवून दाखवतात, याची जाणीव ठेवावी. फोटोसाठी विचारून घ्या.

किरकोळ पण कामाचं: रात्री गारठा असतो, शाल आणि बसायला चटई न्या. दर्ग्यात जाताना डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी हवी. चपला पिशवीत घालून जवळच ठेवा, गर्दीत शोधत बसावं लागत नाही. बायकांना एकटीनं बसायला अडचण वाटली नाही, पण सभा संपते तेव्हा सांगलीच्या बसेस नसतात, त्यामुळे परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा. मोबाइलवर अख्खं गाणं मुद्रित करत बसणारे चार-पाच जण होते. माझं मत विचाराल तर फोन पिशवीत राहू दे. जे इथे ऐकू येतं ते त्या फोनच्या माइकमध्ये येत नाही. भूक लागली तर सांगलीचं भडंग जवळ असू द्यावं.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर मिरजेहून हुबळीची गाडी धरा. तिथून कुंदगोळ जवळ आहे, सवाई गंधर्वांचं गाव. तिथल्या नाडगीर वाड्यातही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तारखा मात्र वेगळ्या, त्या स्वतंत्र विचारून घ्याव्या लागतील.