फाटा ते केदारनाथ: आधी वजनकाटा, मग दर्शन

गौरीकुंडापासूनची सोळा-सतरा किलोमीटरची चढण आईच्या गुडघ्यांना झेपणार नव्हती, म्हणून फाटा या गावाहून हेलिकॉप्टर ठरवलं. हेलिपॅडवर पहिली गाठ वजनकाट्याशी. आधी माणूस, मग पिशवी, आणि पिशवीला जेमतेम दोन किलोंची मुभा. आई काट्यावर चपला काढून उभी राहिली, देवळात उभी राहते तशी.

इतकी काटेकोर मोजणी कशाला, असं मी तिथल्या मुलाला विचारलं. "दीदी, ऊपर हवा पतली है," तो म्हणाला. केदारनाथ 3,583 मीटरवर. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच. हेलिकॉप्टरचं प्रत्येक पातं म्हणजे एक पंखच. विमानाच्या पंखांना वारा मिळायला अख्खं विमान पळावं लागतं, इथे पंखच गरगर फिरतात आणि हवा खाली रेटतात. हवाच विरळ असली की रेटायला कमी मिळते, इंजिनाचाही दम कमी पडतो. मग किलो-किलोचा हिशेब आलाच.

मला पुढची, पायलटच्या डावीकडची जागा मिळाली. पाती फिरतच होती. आधीचे उतरले, आम्ही वाकून चढलो. पायलटने सीटशेजारचा दांडा डाव्या हाताने हळूच वर ओढला. आता पाती जोरात फिरणार, असं मला वाटलं होतं. पण फिरण्याचा वेग जवळजवळ तोच राहतो, बदलतो तो पात्यांचा कोन. त्याच वेळी त्याचे पाय पेडलवर सरकले. वरची पाती एका बाजूला फिरली की धड उलट्या बाजूला फिरू पाहतं, त्याला शेपटीवरचा छोटा पंखा आवरतो. जमिनीपासून हात-दोन हात वर आम्ही क्षणभर तरंगत राहिलो. मग पायलटने गुडघ्यांमधली काठी जराशी पुढे रेटली, नाक खाली झुकलं, आणि एकदम खाली मंदाकिनीची दरी.

दरी फार अरुंद आहे. जून 2013 च्या प्रलयात हवाई दलाची हेलिकॉप्टरं याच डोंगरांमधून, असल्याच ढगांतून माणसं काढत होती. 25 जूनला त्यांतलं एक मि-17 गौरीकुंडजवळ कोसळलं. आतले 20 जण गेले, लोकांना वाचवायला आलेले. ती जागा नेमकी कुठली, मला ओळखता आली नाही. मी हात जोडले. मागे आईचे आधीच जोडलेले होते.

आठ-दहा मिनिटांत वर पोचलो. दर्शन शांतपणे झालं. पायांत बळ आहे त्याने मात्र चालतच यावं, असं मला मनापासून वाटतं. दिवसभराच्या घरघरीने ही दरी भरून जाते, आणि आजूबाजूला अभयारण्य आहे.

परतीला आमचा नंबर लागला तेव्हा चौघांनी एका आजोबांना उचलून आणलं. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, ओठ निळसर. सोबत त्यांचा मुलगा. दोन जागा हव्या होत्या. मी काही बोलायच्या आत आई रांगेतून बाजूला झाली.

"अगं, आपण थांबू. त्यांना जाऊ दे आधी."

नंतर धुकं उतरलं आणि उड्डाणं बंद झाली. ती रात्र आम्ही वरच काढली, चार गोधड्यांत.