प्रीतिसंगम जमला! (यशवंतराव मालिका, पाण्याचं काम)

मंडळी, यशवंतराव चव्हाणांच्या आयुष्यावरचे छोटे देखावे करतोय, त्यातल्या कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाचं पाणी जमलं एकदाचं. मागच्या वेळचे दुधाळ फोटो विसरून जा.

आपल्या संगमाची खोड ठाऊक आहेच. कृष्णा आणि कोयना समोरासमोर भिडतात आणि काटकोनात पूर्वेला वळतात. बाकीच्या संगमांत दोन रंग तिरके मिसळले की भागतं. इथे शिवण मधोमध दिसायला हवी आणि वळणावर विरघळायला हवी. दोन्हीकडून पातळ रेझिन (ओतल्यावर घट्ट होऊन पाण्यासारखं दिसणारं द्रव) ओतलं की सगळा एकच मातकट रंग होतो. एक बाजू सुकवून दुसरी ओतली की मध्ये भिंत उभी राहते. त्यात पावसाळ्यातली कऱ्हाडची हवा! हार्डनर (रेझिन घट्ट करायला त्यात कालवतात तो) ओल धरतो आणि वर पांढुरका तवंग येतो.

शेवटी उपाय निघाला तो थांबण्यातून. दोन कप वेगळे कालवले, कृष्णेत तपकिरी, कोयनेत हिरवट. काकवीएवढं दाट होईपर्यंत हात लावला नाही. मग दोन्ही टोकांनी एकदम सोडलं, आणि भिडताक्षणी खालच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूडभुश्याच्या) पाटाच्या पश्चिमेकडच्या कडेखाली पाचर सरकवली. शिवण आपोआप पूर्वेला ओढली गेली! थर तीन-चार मिलिमीटरच्या वर नको, तापून तडकतो. बुडबुड्यांना हीट गनच हवी. हेअर ड्रायर नुसती धूळ चिकटवतो. आणि ते महागडं ‘क्रिस्टल क्लिअर’ रेझिन नद्यांसाठी कशाला घ्यायचं? आपल्या नद्या क्रिस्टल क्लिअर नाहीत.

दरम्यान मालिकेतला दुसरा देखावा, यशवंतरावांची वकिलाची खोली, संपला. टिश्यू पेपर, पातळ फेविकॉल आणि काळा रंग, एवढ्यावर खुंटीवरचा कोट असा पडलाय की मीच बघत बसतो. माणूस मुद्दाम ठेवला नाही. 1941 ला एलएलबी, कऱ्हाडात वकिली, आणि 1942 ला चळवळीत भूमिगत. त्या कोटाला अंगावर राहायला वेळ मिळाला कुठे!

आता खरी पंचाईत. संगमाच्या काठावर यशवंतरावांची समाधी ठेवायची ठरली होती. पण मग हा देखावा 1984 नंतरचाच होतो, आणि 1932 ला त्यांनी फडकवलेला झेंडा, त्याबद्दलची 18 महिन्यांची सजा, हे सगळं दुसऱ्या पाटावर जातं. लिहिता लिहिता सुचलं: काठाचा तेवढा तुकडा सुटा करू! खाली लोहचुंबक. एक तुकडा समाधीचा, एक नुसत्या मोकळ्या काठाचा. पाणी तेच राहील.

म्हणजे पुढचा देखावा, संरक्षण मंत्रालयाचं टेबल (नोव्हेंबर 1962, आधीचे संरक्षणमंत्री मेनन यांच्या राजीनाम्यानंतरचं), मागे पडला. देवराष्ट्र्याचं घरही. तिथली माती सांगली जिल्ह्यातूनच आणणार, जन्माच्या वेळी गाव साताऱ्यात होतं तरी.

सुट्या तुकड्याची फट पाण्याच्या कडेला दिसू नये म्हणून काय भरता? पुट्टी तडकते. सिलिकॉन कुणी वापरलंय का?